उपटलेली पऱ्हाटी

कापसाची शेवटची वेचणी सरली, उलंगवाडी झाली की वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायचं काम लागतं. यंदा चिमटा मोडला, म्हणून मी अन् बाबा हातानंच भिडलो. दोन तासांत तळहाताला फोड. रात्री त्याच हातात मोबाइल धरून माजी-माजी उठावाबद्दल वाचत होतो.

आजच्या टांझानियात, किल्वा बंदरामागच्या मातुंबी टेकड्यांत, जुलै १९०५ मध्ये लोकांनी कपाशीची झाडं उपटली. तोच जर्मन राजवटीविरुद्धचा पुकारा! कधीकाळी किल्वाला सोन्याचा व्यापार चाले, गुजरातचं कापड उतरे. जर्मन आले अन् मागच्या गावांना सामाईक शेतात सक्तीनं कपाशी पेरायला लावली. स्वतःचं धान्य तणात, मजुरी नावापुरती.

किंजिकितिले नावाच्या भगतानं मंतरलेलं पाणी वाटलं. स्वाहिलीत पाण्याला 'माजी' म्हणतात. बंदुकीच्या गोळ्यांचं पाणी होईल, असा विश्वास होता. झालं नाही. ऑगस्टमध्येच त्याला फाशी दिली. पुढं जर्मनांनी उभी पिकं अन् धान्य जाळलं. गोळ्यांपेक्षा भुकेनंच जास्त माणसं मेली. अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात.

(आपलं वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ साली निजामाच्या कर्जापोटी घेतलं. पण डोळा कापसावरही होताच.)

टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, ९ डिसेंबर १९६१ ला स्वतंत्र झाला. सकाळी धुऱ्यावर बाबांना हे सगळं सांगितलं.

"मंग आता लावतात का थे कापूस?"

"लावतात. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूनं."

बाबांनी बोटातला काटा काढला. "अन् भाव काय भेटते त्यायले?"