वली भिंत आणि चिमीचा कडा

मी पुण्यात लहान मुलांसाठी ऑडिओ गोष्टी करणाऱ्या एका छोट्या टीममध्ये काम करते. शिक्षण फिजिक्सचं, त्यामुळे गोष्टीत कुठे विज्ञान आलं की ते पान माझ्याकडे येतं. गेल्या वर्षी आमच्या नव्या मालिकेची नायिका ठरली चिमी, बारा वर्षांची, सह्याद्रीतल्या एका वाडीत राहणारी, आणि ती पालीसारखी भिंतीवर, कड्यावर चढू शकते. कशी चढते ते मी लिहायचं होतं. मी पंधरा दिवस वाचून चार पानं लिहिली आणि मला ती फार आवडली होती.

कारण पालीची गोष्ट खरंच भन्नाट आहे. ‘टोके’ (tokay) नावाच्या जातीच्या पालीच्या एका पावलावर सुमारे ५ लाख बारीक केस असतात, प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे, एकेका फाट्याचं टोक साधारण २०० नॅनोमीटर रुंद (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). ही टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधलं ते क्षीण आकर्षण, व्हॅन डर वाल्स बल, काम करायला लागतं. गोंद नाही, सक्शन नाही, काही नाही. मग प्रश्न आला माणसाचा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला होता की माणसाला असं चढायचं तर अंगाचा जवळजवळ ४० टक्के पृष्ठभाग चिकट पॅडने भरावा लागेल, कारण प्राणी मोठा होतो तसा पृष्ठभाग वर्गाने वाढतो पण वजन घनाने. म्हणजे चिमीला नुसते हात-पाय पुरणार नाहीत. मग मी तिच्या तळव्यात एक ग्रंथी घातली, ग्रंथीतून येणारा एक पदार्थ घातला, तो पदार्थ केसांची पकड कित्येक पटींनी वाढवतो असं लिहिलं, आणि त्या पदार्थाला नावपण दिलं.

जुलैमध्ये आम्ही भोर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गोष्ट वाचून दाखवायला गेलो. पाचवी ते सातवीची मिळून ३१ मुलं, पत्र्यावर धो धो पाऊस, आमच्या दादाला (तोच आमचा आवाज आणि दिग्दर्शक) ओरडून वाचावं लागत होतं. पहिला भाग, शेळी कड्याच्या मध्यावर अडकलीय आणि चिमी खालून बघतेय, तेव्हा वर्गात कोणी हलत नव्हतं. मग माझी पानं सुरू झाली आणि मुलं शहाण्यासारखी बसली. मस्ती नाही, कुजबुज नाही, हाताची घडी. दोन मिनिटांपूर्वी गोष्ट ऐकणारी पोरं आता धडा ऐकत होती आणि ते मला मागच्या बाकावर बसून इतकं स्पष्ट दिसलं की पोटात गोळा आला. एका मुलीने तर वहीत त्या पदार्थाचं नाव लिहून घेतलं, परीक्षेला येईल म्हणून.

वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, काही शंका? कोणी बोलेना. मग सहावीतली एक मुलगी उठली, खिडकीच्या वरच्या ओघळाकडे बोट केलं आणि म्हणाली, "मॅडम, वल्या भिंतीवरनं पाल घसरती. मग पावसाची ही कड्यावर कशी काय चढली?"

मी गप्प झाले. कारण तिचं बरोबर होतं, पालीची बोटं पूर्ण भिजली आणि पृष्ठभागही ओला असला की काचेसारख्या जागी पकड बरीच कमी होते, याचे प्रयोग झालेत, मी ते वाचलं होतं, टिपून पण ठेवलं होतं आणि गोष्टीत मात्र कुठेच घातलं नव्हतं. माझं सगळं लक्ष ती का चिकटते यावर. कधी चिकटत नाही हे मी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर सगळा वर्ग बोलायलाच लागला. एक मुलगा म्हणाला शेळी केवढी, करडू हाय का मोठी, मोठी असली तर तीस किलो भरती, ती घेऊन चढायची म्हणजे काय. दुसरा म्हणाला उतरताना काय करती, उतरणं अवघड असतंय. मग पहिल्या बाकावरचा एक बारका मुलगा म्हणाला, "हिरकणीला किती खरचटलं होतं. हिला काहीच कसं लागत न्हाई?" रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेली हिरकणी या मुलांना पाठ आहे, काट्याकुट्याने सोललेलं तिचं अंग त्यांच्या डोळ्यासमोर आहे, आणि तिच्यापुढे माझी चिमी त्यांना खोटी वाटत होती. पाऊण तास नुसते प्रश्न आणि त्यातल्या एकानेही ग्रंथीबद्दल विचारलं नाही.

परत येताना गाडीत दादा म्हणाला, "सगळं विज्ञान काढून टाकू, मुलांना नको असतं ते." हे मला मुळीच पटलं नाही आणि अजूनही पटत नाही. त्या मुलीचा प्रश्न हेच विज्ञान होतं की. मी त्याला सुपरमॅनचं उदाहरण दिलं. १९३८ मध्ये तो पहिल्यांदा छापून आला तेव्हा त्याच्या शक्तीचं स्पष्टीकरण अगदी थोडक्यात होतं, मुंगी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट ओझं पेलते, नाकतोडा केवढी झेप घेतो, तसाच हा. फिजिक्सने बघितलं तर ते चूक आहे, मुंगी माणसाएवढी केली तर वर्ग-घनाच्या त्याच हिशोबाने तिला उभंही राहता येणार नाही. पण वाचणाऱ्याने मुंगी बघितलेली असते, नाकतोडा बघितलेला असतो. आणि तेव्हा त्याला माप होतं, तो उडत नव्हता, एका उडीत फार तर एक अष्टमांश मैल, म्हणजे २०० मीटर जायचा. त्याच्या पुढे नाही. चुकीचं कारण चाललं कारण सोबत मर्यादा होती, आणि माझं निम्मं खरं कारण चाललं नाही कारण मर्यादाच नव्हती. दादा म्हणाला मग लिही तसं.

ग्रंथी गेली, पदार्थ गेला, नॅनोमीटर गेले. सुरुवातीला एकच प्रसंग ठेवला, चिमी रात्री पडवीतल्या दिव्याजवळची पाल बघते आणि भिंतीला हात लावते, झालं. ४० टक्क्यांचा हिशोब मात्र मी माझ्या फाइलमध्ये ठेवलाय आणि रोज वापरते, ऐकणाऱ्याला तो कधीच कळणार नाही पण त्याच्यावरून मी ठरवलंय की चिमी फक्त पोट, छाती, मांड्या सगळं अंग दगडाला टेकवूनच चढू शकते, त्यामुळे तिचा फ्रॉक फाटतो, कोपरं सोलतात, घरी आई विचारते कुठे धडपडलीस. ओझं घेतलं तर करडाएवढंच, तेही पाठीला बांधून. आणि ओल्या दगडावर तिला काहीच जमत नाही.

मग कड्यावरची शेळी. ती मोठीच ठेवली, तीस किलोची, आणि पाऊसही ठेवला. दादाने विचारलं आता ती शेळी वाचणार कशी, चिमी तर चढू शकत नाही. तीन दिवस आम्हाला सुचलं नाही. शेवटी लिहिलं ते असं की चिमी रात्रभर कड्याच्या पायथ्याशी इरलं घेऊन बसते, शेळी घाबरून उडी टाकू नये म्हणून तिच्याशी बोलत राहते, आणि पहाटे पाऊस थांबल्यावर दर थोड्या वेळाने तळहात लावून दगड वाळलाय का ते बघते.

ऑक्टोबरमध्ये त्याच शाळेत परत गेलो. चिमी दगडाला तळहात लावते तो प्रसंग आला तेव्हा, मागच्या वेळी वहीत पदार्थाचं नाव लिहून घेणारी मुलगी आपला हात बाकावर दाबून बसली होती.