खोड न धरलेल्या ओळी

मलेशियातल्या सारावाक राज्यात मुकाच्या परिसरात मेलानाऊ लोक पिढ्यान्‌पिढ्या सागो पामवर, म्हणजे त्याच्या खोडातल्या स्टार्चवर, जगत आले. तेच झाड 10 बाय 10 मीटरवर, हेक्टरी 100 बेटं असं लावलेल्या एका मळ्यात त्या दिवशी पाहणी होती. लागवड एकाच हंगामातली. तरी कडेच्या ओळी खोड धरून उभ्या, आणि आत नुसते पानांचे झुबके!

गिरमिट घातलं. कडेला दीडेक मीटरवर करडी चिकणमाती लागली. आतल्या भागात दांड्याला दांडा जोडत गेलो, तरी पात्यावर तपकिरी, धाग्याधाग्यांचं पीटच, म्हणजे दलदलीत साचलेला झाडपाला, येत राहिलं. मुठीत पिळलं तर गढूळ पाणी गळलं, चोथा हातातच राहिला. म्हणजे पुरतं कुजलेलंही नाही. अशा जमिनीचा सामू (pH) 3 ते 4, म्हणजे फार आम्लधर्मी. पोटॅश, तांबं, जस्त सगळंच तोकडं, आणि मुळं मातीपर्यंत पोचत नाहीत. चिकणमातीवर साधारण 8 ते 12 वर्षांत तोडणीला येणारं झाड खोल पीटवर फार रेंगाळतं. काही झाडं खोड धरतच नाहीत. दलदलीतलं झाड, कुठेही येईल, हा समज मळ्याला महागात पडतो. चर खोल करणं हा तर उपायच नव्हे. पाणी उतरलं की पीट खचतं, वाळतं आणि पेट घेतं.

कडेच्या बेटांतही फुटवे माजले होते. दीड-दोन वर्षांतून बेटामागे एकच जोमदार फुटवा राखायचा, बाकीचे काढायचे; नाहीतर गर्दीत खोडं बारीक राहतात. काढलेल्यांतले 2 ते 5 किलोचे निवडून कालव्यातल्या तराफ्यावर तीनेक महिने मुळं धरू द्यायची. ताज्या कापावर सोंड्या भुंगा अंडी घालतो, म्हणून कापाला बुरशीनाशक-कीटकनाशक लावल्याशिवाय फुटवा हलवू नये.

एका खोडाला कुऱ्हाडीने खाच पाडून गाभा पाण्यात चोळला. पांढरा साका भराभर बसला. तोडणीची वेळ झाली होती. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं, आणि फळं धरताना खोडातला स्टार्च खर्ची पडतो. म्हणून फुलोऱ्याच्या तोंडावरच तोडायचं. मीटरभराचे ओंडके कालव्यातून लगेच गिरणीकडे न्यायचे, रेंगाळले तर स्टार्च आंबतो, काळपट पडतो.

आतल्या ओळींत नांगे (रिकाम्या जागी नवी रोपं) भरू नयेत, आधी सगळ्या मळ्याचा पीटच्या खोलीचा नकाशा करावा आणि नवी लागवड उथळ पट्ट्यातच घ्यावी, असं लिहून दिलं.