पुढला अठरा की मागला?

पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम हलवून माउलींची पालखी सासवडला निघते, तो या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा. तीसेक किलोमीटर, आणि पाय बोलायला लागले की समोर दिवे घाट. पहिल्यांदाच चालत होतो, म्हणून दिंडीतल्या जुन्या मंडळींनी बजावलं होतं, "बाकी काही विसर, नंबर विसरू नको." नंबर पाठ होता. अठरा.

वडकी नाल्यावर दुपारच्या विसाव्यात मी चहा शोधत जरा पुढे गेलो आणि पाऊस आला. रिमझिम वगैरे नाही, सरळ कोसळलाच. क्षणात सगळ्यांनी प्लास्टिकचे कागद डोक्यावर ओढले, कुणी खताच्या गोणीची खोळ केली, आणि ओळखीचं एकही पागोटं, एकही पातळ दिसेना. वाट बघत थांबायचं सोडून मी लोंढ्याबरोबर घाट चढायला लागलो. फोन भिजून बंद.

दुसऱ्या वळणावर कठड्याशी एक मावशी बसल्या होत्या. डोक्यावरचं तुळशीवृंदावन मांडीत, त्यावर कागद. स्वतः मात्र चिंब. माझा चेहरा बघून त्यांनीच विचारलं, "चुकलाव का माउली? दिंडी कितवी?"

"अठरा."

"पुढली का मागली?"

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या चालतात आणि रथामागे पुन्हा एकपासून मोजणी सुरू होते. म्हणजे अठरा दोन. मधल्या अंतरात माणूस सहज दिवसभर हरवून राहील.

मावशी हसल्या नाहीत. "सकाळी निघताना रथ कसा दिसला? तोंडाकडून का पाठीकडून?"

आठवलं. फुलांनी मढलेली पाठ दिसत होती, लांबवर.

"मग मागली. बसा हितं. रथ यायचाय अजून."

कागदाचं एक टोक त्यांनी माझ्याकडे दिलं. त्या परभणीकडच्या. त्यांची ही नववी वारी. खाली मस्तानी तलाव पावसात पार पुसून गेला होता, तिकडे बघत म्हणाल्या, "हितं बघा कसा सांडायलाय. आमच्याकडं पेरण्या खोळंबल्यात." मुलगा बी-बियाणं घरात आणून बसला होता म्हणे. रोज संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून त्या एकच विचारायच्या: पडला का? काल रात्रीपर्यंत पडला नव्हता. माझ्या भिजलेल्या बुटांची कुरकुर मी तिथेच गिळली.

मग खालून आरोळी उठली. घाटासाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपलेल्या, खुरं ओल्या डांबरावर निसटत होती, आणि दोन्ही कडांनी माणसं "माउली, माउली" म्हणत जणू आवाजानेच रथ वर ढकलत होती. मावशींनी उभं राहून हात जोडले. वृंदावन तेवढ्यापुरतं माझ्या हातात आलं. पितळी असावं, चांगलंच जड होतं. हे डोक्यावर घेऊन त्या आळंदीपासून आल्या होत्या.

रथ गेला. मागच्या दिंड्या यायला लागल्या. पताका, तुळशी, टाळकरी, मधे वीणेकरी. मावशी बोटांवर मोजत होत्या, माझं लक्ष मात्र पखवाजावर घातलेल्या प्लास्टिकच्या टोपड्यात अडकलं. "ही सोळा… सतरा… जावा, आली तुमची."

आमचे वीणेकरी महाराज दिसले आणि मी धावलोच. मग आठवण झाली, वळून ओरडलो, "मावशी, तुमची कितवी?"

"सात!"

"मग ती तर गेली की मघाशीच!"

"मागली न्हाई वो. पुढली!"

रथाच्या पुढची. म्हणजे ती केव्हाच घाटमाथ्यावर पोचली असणार. मावशींनी वृंदावन डोक्यावर ठेवलं, पदर खोचला आणि चालत्या दिंड्यांच्या कडेकडेने, टाळकऱ्यांना मागे टाकत, त्या भराभर वर जायला लागल्या. पुढच्या वळणापर्यंत ती तुळस मला दिसत होती.