चकित-खोका : आषाढी ते डिसेंबर, 38 आत, 61 बाहेर

ऐकणाऱ्याला चकित करील अशी माहिती मी कार्डांवर टिपून खोक्यात साठवतो. या सहामाहीत नवं काही गोळा करायचं नाही, आधी साठलेलं तपासून निस्तरायचं, असं ठरवलं होतं. बुटांच्या खोक्यात 'कच्ची' म्हणून पडलेली 99 कार्डं होती. त्यातली 38 पक्क्या खोक्यात गेली, 61 रद्दीत. तीनातली दोन बाद म्हणजे धावसंख्या वाईटच. पण मागच्या गणेशोत्सवात सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत 'चीनची भिंत चंद्रावरून दिसते' हे मी माइकवरून ठणकावून सांगितलं आणि पहिल्या रांगेतल्या निवृत्त भूगोलाच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "भिंतीची रुंदी किती? चंद्राचं अंतर किती?" पाच-सहा मीटर आणि पावणेचार लाख किलोमीटरच्या वर. माझा घसा तिथेच सुकला. 2003 मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लीवेई पृथ्वीभोवती फिरून आला, त्यालाही भिंत दिसली नव्हती. तेव्हापासून कार्डाच्या मागच्या बाजूला आधार लिहिल्याशिवाय ते पक्क्या खोक्यात जात नाही.

आषाढी एकादशी

या खेपेचं सर्वात लाडकं कार्ड स्वयंपाकघरात सापडलं. ताटात साबुदाण्याची खिचडी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचा लाडू. मी आत्याला म्हणालो, "आत्या, हे सगळं ताट अमेरिकेचं आहे." ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी अमेरिका नकाशातसुद्धा धड पाहिली नव्हती, पण एकादशी कधी चुकवली नाही."

तपासायला बसलो आणि प्रकरण वाढतच गेलं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. मिरची अमेरिकेतली. बटाटा अँडीज पर्वतातला. हे तिन्ही युरोपीय जहाजांनी जगभर नेलं, आपल्याकडे मुख्यतः पोर्तुगीजांच्या हातून आलं. रताळंही तिकडचंच. साबुदाण्याची गंमत तर दुहेरी आहे. मूळचा साबुदाणा म्हणजे मलाया-इंडोनेशियाकडच्या सागू ताडाच्या खोडातला गर. नावही मलाय भाषेतल्या 'सागू'वरून आलेलं. आपण खातो तो मात्र कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचा, आणि कसावा पुन्हा दक्षिण अमेरिकेचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिकडून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून दाणे पाडायचा धंदा उभा राहिला. नाव एका झाडाचं, माल दुसऱ्याच झाडाचा, आणि उपवासाला दोन्ही चालतात!

'बटाटा' या शब्दाचं तर मी वेगळंच कार्ड केलं. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळं. युरोपीयांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांनी वेगळ्याच कंदाला लावला आणि आपण त्यांच्याकडून जसाच्या तसा घेतला. म्हणजे आपण बटाटेवड्याला गेली कैक वर्षं रताळेवडा म्हणतो आहोत. (हे वाक्य मी घरात तीनदा वापरलं. चौथ्यांदा वापरायला बंदी आहे.)

आता राजगिरा. हे कार्ड हातात घेऊन मी बराच वेळ नुसता बसून होतो. धान्यासाठी लावला जाणारा राजगिराही अमेरिकेतच लागवडीखाली आला. मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक त्याला 'वाउत्ली' म्हणत. सणाला त्याच्या पिठात मध किंवा घायपाताच्या कुळातल्या माग्वे झाडाचा गोड पाक कालवून देवांच्या मूर्ती घडवत आणि पूजेनंतर त्याच मूर्तींचे तुकडे प्रसादासारखे वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना हे आपल्या धर्मविधीचं विडंबन वाटलं आणि तो प्रकार त्यांनी दडपला. तरी आजही मेक्सिकोत राजगिऱ्याच्या लाह्या पाकात घालून वड्या विकतात. त्यांना 'अलेग्रिया' म्हणतात, म्हणजे आनंद. फोटो पाहिला तर आपली राजगिऱ्याची चिक्कीच. तिकडे ज्या धान्याचे देव करून खात, ते इकडे देवाच्या उपवासाला चालतं. कोणी कोणाला विचारलं नव्हतं.

हे सगळं आत्याला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि वरी?" मी गप्प. वऱ्याचे तांदूळ म्हणजे आपलं भारतातलंच जुनं बारीक धान्य. तूप इकडचं. जिरं अमेरिकेचं नाही, ते भूमध्य समुद्राकडून आलं. कार्डावरचं 'सगळं' खोडून 'बरंचसं' लिहिलं.

श्रावण-भाद्रपद

या काळात फक्त रद्दी वाढली. सोनमाशाची स्मरणशक्ती तीन सेकंदांची? बाद. माशांना शिकवलेलं महिनोन् महिने लक्षात राहतं. सरडा पार्श्वभूमी बघून रंग बदलतो? आफ्रिकेतले गोल डोळ्यांचे सरडे, म्हणजे कॅमेलियन, मुख्यतः भांडण, प्रणय आणि तापमान यांसाठी रंग बदलतात. मूळ कार्ड फाडलं, नवं ठेवलं. शार्क झाडांहून जुने, हे पक्कं झालं. शार्कांचे पूर्वज 40 कोटी वर्षांपूर्वीही होते, खरी झाडं त्यानंतरची. ऑक्सफर्डला 1096 मध्ये शिकवणं चालू असल्याची नोंद आहे आणि अॅझ्टेकांची राजधानी 1325 ची, म्हणजे विद्यापीठ जुनं, हेही पक्कं. राजगिऱ्याच्या कार्डाला टाचून ठेवलं.

दसऱ्याच्या आसपास

गच्चीवर संध्याकाळी चतुरांचे थवे. लहानपणी आम्ही त्यांना हेलिकॉप्टर म्हणायचो आणि शेपटीला दोरा बांधायचो. आता लाज वाटते. 'चतुर हिंदी महासागर ओलांडतो' हे कार्ड मी बाद करायच्या तयारीत होतो, कारण ऐकायला ते थाप वाटतं. निघालं खरं.

चार्ल्स अँडरसन हे सागरी जीवशास्त्रज्ञ मालदीवमध्ये राहत. दर ऑक्टोबरात तिथल्या राजधानीत, मालेत, अचानक चतुर दिसतात हे त्यांना खटकलं. मालदीव म्हणजे प्रवाळ बेटं, गोडं पाणी जमिनीवर जवळजवळ साचतच नाही, आणि चतुराची पिल्लं तर गोड्या पाण्यात वाढतात. मग आले कुठून? वर्षानुवर्षं तारखा टिपल्यावर कळलं की ते आधी दक्षिण भारतात दिसतात, मग मालदीवमध्ये, पुढे सेशेल्समध्ये आणि शेवटी पूर्व आफ्रिकेत. पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो, त्याच्याबरोबरचे उंचावरचे वारे पकडून ते जातात. 2009 मध्ये अँडरसननी हे प्रसिद्ध केलं. जाऊन-येऊन अंदाजे 14,000 ते 18,000 किलोमीटर, आणि तेही एकट्याचं काम नाही, साधारण चार पिढ्यांची रिले. पावसाच्या डबक्यात अंडी, काही आठवड्यांत नवा चतुर, पुढचा टप्पा त्याचा. जो निघाला तो परत येत नाही, परत येतात ते त्याचे वंशज.

याच सुमाराला नागालँडमधून आफ्रिकेला निघालेले अमूर ससाणे अरबी समुद्रावरून जातात. वाटेत ते चतुर खात जात असावेत, असं अँडरसनचं म्हणणं. शिदोरीच सोबत उडते आहे म्हणायची.

दिवाळीनंतर

'मुंबई हुंड्यात दिली' हे कार्ड आपल्यातल्या प्रत्येकाकडे असेल. माझ्याकडेही होतं, आणि ते चूक नाही, फक्त अर्धं आहे. 1661 च्या करारात पोर्तुगालने राजकन्या कॅथरिनबरोबर इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई देऊ केली. 1662 मध्ये सर अब्राहम शिपमन चारपाचशे सैनिक घेऊन ताबा घ्यायला आले, तर इथल्या पोर्तुगीजांनी बेट द्यायला नकार दिला. मुंबई म्हणजे नक्की किती, यावरच वाद. बिचारे शिपमन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन वाट बघत बसले. बेट आज गोव्यात मोडतं. ताप आणि उपासमारीने माणसं मरत गेली, शिपमनही तिथेच गेले. 1665 च्या फेब्रुवारीत त्यांचे सचिव हम्फ्री कुक यांनी अखेर मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा जेमतेम शंभर-सव्वाशे शिपाई उरले होते.

तीन वर्षांनी, 1668 मध्ये, राजाने ते बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. दहा पौंडांवर सगळे थांबतात. मी आता अंजदीवपासून सुरुवात करतो. लग्नाची वऱ्हाडी मंडळी दारातच दोन वर्षांहून जास्त ताटकळली, असं सांगितलं की ऐकणारा हातातला चहा विसरतो.

डिसेंबर

उद्योगधंद्याच्या कप्प्यात फार काही नाही. व्हिडिओ गेमवाली निन्टेन्डो 1889 मध्ये क्योटोत पत्ते बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली. आयफेल टॉवर त्याच वर्षी खुला झाला, म्हणून कार्ड ठेवलं. पण एका कार्डाने महिना सार्थकी लावला.

विप्रो. नावच मुळात 'वेस्टर्न इंडिया प्रॉडक्ट्स'चं आखूड रूप. 29 डिसेंबर 1945 ला मोहम्मद हाशम प्रेमजींनी जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' काढली. साने गुरुजी ज्या गावात मास्तर होते, तेच अमळनेर. माल काय, तर वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा 787 साबण. 1966 मध्ये वडील गेले, स्टॅनफर्डला शिकणारे अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी परत आले. संगणक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. अमळनेरच्या अनेक घरांनी सुरुवातीचे शेअर घेऊन ठेवले होते आणि पुढे ती घरं कोट्यधीश झाली.

इथवरचं तुम्हाला ठाऊक असेल. मला लागलेला धागा वेगळा. त्या कारखान्यात तेल काढायला काय यायचं? खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या भुईमुगाच्या शेंगा. आषाढीच्या ताटातला तोच दक्षिण अमेरिकेचा शेंगदाणा. दोन्ही कार्डं आता एकाच रबरबँडमध्ये आहेत.

आत्याला हेही सांगितलं. ती मार्गशीर्षातल्या एकादशीची तयारी करत होती. कूट कुटता कुटता म्हणाली, "म्हणजे कारखाना आपल्या खिचडीवर उभा राहिला म्हण की." मग वऱ्याचा डबा मुद्दाम माझ्यासमोर आणून ठेवला आणि आत गेली.