गणपती पेठेतनं थेट दलाल स्ट्रीट

महालक्ष्मी सकाळी सीएसएमटीला लागली, दाजी घ्यायला आलेच होते, म्हणाले ऑफिसं उघडायच्या आत फोर्ट फिरून घेऊ, नंतर चालायला जागा मिळत नाही. दाजी तिथंच एका बँकेत आहेत. माझं लहानपण सांगलीच्या गणपती पेठेत, म्हणजे तिथल्या बाजारपेठेत गेलेलं, म्हटलं चला, देशाची पेठ तरी बघू.

फोर्टात फोर्टच नाही ही पहिली गंमत. तट १८६० च्या दशकात पाडला, नावं तेवढी उरली, चर्चगेट, बझारगेट. आणि ही सगळी मुंबई १६६८ साली इंग्लंडच्या राजानं ईस्ट इंडिया कंपनीला दिली वर्षाला १० पौंड भाड्यानं! सुरतेचा व्यापार मग हळूहळू इकडं सरकला.

हॉर्निमन सर्कलच्या बागेत बराच वेळ बसलो. आता गार सावली आहे, पण पूर्वी इथं मोकळं मैदान होतं न् त्यावर कापसाच्या गाठींचे ढीग, १८४४ ला तो बाजार कुलाब्याला हलवला. पुढं १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या गिरण्यांना मिळेना, मग आपल्या कापसाला असला भाव आला की मुंबईत नुसता पैशाचा पूर, रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी कापूस न् शेअरचा बडा दलाल प्रेमचंद रायचंद. १८६५ ला युद्ध संपलं, भाव आपटला, निम्म्या शहराचं दिवाळं. हळदीच्या वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आज ठरवण्याच्या सौद्यात, हात पोळलेले आमच्याकडं कमी नाहीत, तेजीत सगळेच शहाणे असतात.

शेअरचे दलाल आधी इथंच टाउन हॉलसमोर वडाखाली जमायचे, १८७५ ला त्यांनी संस्था काढली, तोच आजचा शेअर बाजार. दलाल स्ट्रीटवरचा त्याचा २९ मजली टॉवर बाहेरनंच बघायचा, १९९३ च्या स्फोटानंतर बंदोबस्त कडक आहे. दारातला ब्राँझचा बैल खिलार बघितलेल्या माणसाला जरा सुजलेलाच वाटतो. दाजी म्हणाले १९९५ पर्यंत आत रिंगमध्ये हात वर करून ओरडून सौदे व्हायचे, आता सगळं स्क्रीनवर. मला ते जरा बेचवच वाटलं. आमच्याकडं सौदा निघाला की खरेदीदार पोत्यातनं हळकुंड काढणार, कट्कन मोडणार, आतला रंग बघणार, मग तोंड उघडणार, संध्याकाळी हमालाच्या भुवयासुद्धा पिवळ्या. इथं भाव आहे, माल कुठाय?

माल बघायला म्हणून बॅलार्ड इस्टेटला गेलो, तर तिथंही नुसत्या दगडी इमारती, एकसारख्या, देखण्या. गोदी खणताना निघालेल्या भरावावर हा भाग १९१४ ते १९१८ मध्ये उभा राहिला. कंटेनर आता पलीकडं न्हावाशेवाला, ते बंदर १९८९ चं. सांगलीचा बेदाणा, हळद तिकडनंच परदेशी जाते, फोर्टात येतात ते फक्त तिचे कागद. आपल्या पेठेतल्या एका पार्टीची एलसी, म्हणजे मालाच्या पैशांची बँकेची हमी, गेल्या महिन्यात दाजींच्याच टेबलावर आली होती म्हणे, पार्टी कोण ते काही केल्या सांगितलं नाही.