सहल आखताना सकाळींचा हिशेब

मित्रमंडळींबरोबर एकाच सुट्टीत समुद्रही करायचा आणि डोंगरही चढायचा म्हटले, की पहिला प्रश्न "किती दिवस?" हा असतो आणि दुसरा "किती ठिकाणे?" हा. दिवसांना ठिकाणांनी भागले की आराखडा तयार झाला, असे सगळ्यांना वाटू लागते. आमच्या गटाच्या येत्या सुट्टीची आखणी माझ्या गळ्यात पडली तेव्हा मी हे दोन्ही प्रश्न बाजूला ठेवले आणि हाताशी मोकळ्या सकाळी किती उरतात, ते आधी मोजायला घेतले. अशा मिश्र सहलीत टंचाई दिवसांची नसते, सकाळींची असते.

याचे मूळ हवेत आहे आणि ते डोंगराला व समुद्राला सारखेच लागू पडते. ऊन चढू लागले की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. किनाऱ्यालगतच्या तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येऊ लागतो आणि दुपारपर्यंत हे खारे वारे जोर धरतात. सकाळी काचेसारखे दिसणारे पाणी तेव्हा खळबळू लागते, उथळ भागातली वाळू ढवळली जाते आणि स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचे पाहायला, उतरलेल्या माणसाला हातभर अंतरावरचेही धड दिसत नाही. तिकडे डोंगरात तापलेल्या उतारांवरून हवा वर चढते, तिच्यातली वाफ थंड होऊन माथ्यावर ढग धरतात आणि अनेक डोंगराळ भागांत उष्ण हंगामात दुपारनंतर गडगडाटी पाऊस कोसळतो. म्हणजे पोहणाऱ्यालाही सकाळच हवी असते आणि चढणाऱ्यालाही.

तिसरा दावेदार असतो प्रवास. मुक्काम हलवायच्या दिवशी खोली बहुधा दुपारच्या आत सोडावी लागते आणि पुढची खोली दुपारनंतरच ताब्यात मिळते. मधल्या काळात सामानाची बांधाबांध, एकाचा हरवलेला चार्जर, दुसऱ्याची लांबलेली आंघोळ आणि सगळ्यांचे मिळून बिल चुकते करणे यांत घड्याळाचे काटे कुठल्या कुठे जातात. आठ दिवसांची सुट्टी घेतली आणि पोचण्याची व परतण्याची सकाळ वजा केली, तर सहा सकाळी उरतात. त्यांत पाच ठिकाणी राहायचे ठरवले तर चार वेळा मुक्काम हलवावा लागतो आणि खऱ्या अर्थाने मोकळ्या दोनच सकाळी हाती राहतात. तीन मुक्काम केले तर चार सकाळी मिळतात, दोन केले तर पाच. एवढे गणित मांडल्यावर मुक्काम तीनच्या वर नेण्यात काही अर्थ नाही, असे माझे ठाम मत झाले. आसपासच्या जागा एकाच मुक्कामाहून जाऊन-येऊन करता येतात. हलायचेच असेल तर पहाटे पोहून घ्यावे, सावकाश बांधाबांध करावी आणि उन्हाच्या वेळी गाडीत बसावे. चढाईचा दिवस आणि मुक्काम हलवण्याचा दिवस मात्र एकच असू नये. उतरायला उशीर झाला की शेवटची बस किंवा शेवटची बोट कोणासाठी थांबत नाही.

मी ग्रुपवर पाठवलेल्या तक्त्यात म्हणूनच तीनच रकाने होते: सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. प्रत्येक चौकटीत एकच गोष्ट लिहायची, अशी अट होती. पहिल्या दिवशीच एका मैत्रिणीने एका सकाळीत सूर्योदय, कयाक आणि धबधबा अशा तिन्ही गोष्टी कोंबल्या. मी काही न बोलता प्रत्येकीपुढे जाण्या-येण्याचा वेळ लिहून दिला. दहा मिनिटांनी तिनेच कयाक दुसऱ्या दिवशी सरकवली आणि धबधबा खोडून टाकला. यापूर्वी अशा मुद्द्यांवर आमचे रात्र-रात्र वाद चालत असत.

चढाईला किती वेळ लागेल, हा अंदाज बहुतेक गट फक्त किलोमीटरांवरून बांधतात आणि तिथेच गाडी घसरते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला साधा नियम आजही कामाला येतो: सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास धरावा आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. बारा किलोमीटरांच्या वाटेत ९०० मीटर चढ असेल, तर चालण्याचे सुमारे दोन तास पंचवीस मिनिटे आणि चढाचे दीड तास मिळून जवळजवळ चार तास होतात. हा हिशेब सराव असलेल्या, न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. फोटो, पाणी, बुटाची नाडी आणि "जरा बसू या" हे सारे धरून मी आमच्या गटासाठी त्यात निम्मी भर घालतो. म्हणजे सहा तास. पहाटे सहाला निघालो तर दुपारी बाराला खाली, आणि तेव्हा ढग नुकतेच जमू लागलेले असतात. नऊला निघालो तर दुपारचे तीन. याच कारणाने पहाटेच्या वेळेवर मी कोणाशीही घासाघीस करत नाही. वेग नेहमी सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा धरावा आणि ते त्या व्यक्तीला बोलून दाखवू नये.

किनाऱ्यावरून चालत जायचे असेल तर वाळूचा हिशेब वेगळाच असतो. मऊ, कोरड्या वाळूत चालायला कठीण जमिनीवर चालण्याच्या दुपटीहून अधिक शक्ती खर्च होते, त्यामुळे नकाशावर किरकोळ वाटणारे सहा किलोमीटर पोटऱ्यांचा जीव काढतात. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू त्या मानाने सुखाची असते. इथे आखणीत भरती-ओहोटीचे वेळापत्रक शिरते, आणि मला विचाराल तर मिश्र सहलीतला सर्वांत रंजक भाग हाच आहे.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आज ओहोटीची वेळ सकाळी सातची असेल तर उद्या ती आठच्या आसपास जाते आणि आठवड्याभरात सकाळी भरती असते. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग पाणी चढते, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या व चौथ्या तासांत प्रत्येकी तीन भाग, आणि मग तोच क्रम उलटा होतो. खडकाळ टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर गेलेल्या गटाची फसगत होते ती यामुळेच: पहिला तास पाणी जागच्या जागी असल्यासारखे वाटते आणि मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन परतीची वाट बंद होते. न्यूझीलंडमधल्या आबेल टास्मान किनारी वाटेवर आवारोआची खाडी ओहोटीच्या वेळेआधी दीड तास ते ओहोटीनंतर दोन तास एवढ्याच अवधीत पायी ओलांडता येते. तिथे चालणाऱ्यांचा सगळा दिवस, कधी उठायचे इथपासून, या साडेतीन तासांभोवती बेतलेला असतो.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, म्हणजे भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते आणि हा फरक सर्वांत कमी होतो. एखाद्या ठिकाणी उधाणाच्या दिवसांतली ओहोटी दर वेळी घड्याळात जवळजवळ त्याच वेळेला येते, हे फारसे कोणी लक्षात घेत नाही. एकदा त्या किनाऱ्याचा तक्ता पाहिला की खडकांतली डबकी आणि त्यांतले जीव पाहायला तिथे सोयीची सकाळ महिन्याच्या कोणत्या दिवसांत मिळेल, ते आधीच ठरवता येते. आमच्या तारखा रजांच्या हिशेबाने नाही, तर याच हिशेबाने चार दिवस पुढे गेल्या. एकाने कुरकुर केली: "अरे, चंद्र बघून सुट्टी कोण टाकतं?" त्याला तक्ता दाखवला आणि विषय संपला.

पोहण्याच्या बाबतीत एकच गोष्ट सगळ्यांनी आधी समजून घ्यावी, असा माझा आग्रह आहे. फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये जो शांत, गुळगुळीत पट्टा दिसतो तो सुरक्षित नसतो. बऱ्याचदा तिथूनच किनाऱ्यावर आलेले पाणी परत आत ओढले जात असते. त्या ओढीत सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झगडत बसू नये, किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्यातून बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परत यावे. जिथे जीवरक्षक आहेत तिथेच पोहावे, हे तर सांगायलाच नको.

आता क्रमाचा प्रश्न. समुद्र आधी की डोंगर आधी, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आणि मी डोंगराच्या बाजूने उभा राहिलो. पहिले कारण स्कूबा डायव्हिंगचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याचे. खोल पाण्यात श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. तोवर उंचीवर गेले तर कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवस किंवा अनेक डाइव्ह केल्यावर किमान १८ तास विमान टाळावे, अशी डायव्हिंगमधली प्रचलित शिफारस आहे. सुमारे ६०० मीटरांहून उंच घाटरस्त्याने गाडीतून जाणेही त्याच हिशेबात धरावे लागते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डोंगर आधी केला तर ही अडचण उरत नाही. फक्त परतीच्या विमानाआधीचा दिवस डायव्हिंगशिवाय ठेवायचा.

दुसरे कारण पायांचे आणि खांद्यांचे. खाऱ्या पाण्यात भिजून मऊ पडलेले तळवे दुसऱ्या दिवशी बुटांत कोंबले की फोड ठरलेले. मोज्यांत राहिलेले वाळूचे चार कण उरलेले काम करतात. किनाऱ्यावर भाजलेल्या खांद्यांवर पाठपिशवीचे पट्टे चढवणे म्हणजे काय, ते ज्याने सोसले आहे त्याला सांगावे लागत नाही. डोंगरातही ऊन कमी नसते: दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणांचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांनी वाढते, आणि हवा थंड असल्यामुळे कातडी भाजते आहे हे कळत नाही. तिथे सनस्क्रीन दर दोन तासांनी पुन्हा लावण्याची सवय जडली, की समुद्रावर ती आपोआप चालू राहते.

या क्रमाला एक अपवाद आहे. डोंगरातला मुक्काम २५०० मीटरांहून उंच असेल तर समुद्रसपाटीवरून थेट तिथे जाऊन पहिल्याच सकाळी चढाईला निघू नये. वाटेत मधल्या उंचीवर एक रात्र काढावी. आमच्या वाटा तेवढ्या उंच नाहीत, त्यामुळे मी यात फार शिरलो नाही.

सामानाबद्दल दोन गोष्टी. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरांना सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणून किनाऱ्याच्या तापमानावरून कपडे ठरवू नयेत. आणि पोहण्याचे ओले कपडे ठेवायला एक तोंड बंद होणारी पिशवी प्रत्येकाने स्वतःची आणावी. ही एक वस्तू सामाईक ठेवली की सगळ्यांच्या सामानाला कुबट वास येतो.

गटाचे म्हणाल तर सगळ्यांनी सगळे एकत्र करायलाच हवे, हा हट्ट सोडल्यावर आखणी फार सोपी झाली. दोघांना चढाईत रस नाही. त्यांना माथ्यापर्यंत ओढत नेण्यापेक्षा खालच्या ओढ्याकाठची वाट त्यांच्या नावे लिहिली आणि दुपारचे जेवण एकत्र ठरवले. गट फुटतो तेव्हा कोण कोणत्या वाटेने गेले, परतण्याची वेळ काय आणि त्या वेळेनंतर किती वाट पाहून मदत मागायची, हे तिन्ही निघण्यापूर्वी लिहून ठेवायचे. डोंगरात फोनला रेंज असेलच असे नाही, म्हणून नकाशेही प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच उतरवून घ्यायचे. खर्चाचे आम्ही सोपे केले आहे: राहणे आणि गाडी यांसाठी सगळ्यांची सारखी वर्गणी, बाकी कयाक, डायव्हिंग वगैरे ज्याचे त्याने. "मला काहीही चालेल" असे म्हणणाऱ्याला एक मोकळी सकाळ भरायला द्यायची, हा नियमही चांगला लागू पडला. आमच्यातल्या अशा मित्राने तीन दिवस विचार करून त्या चौकटीत "झोप" असे लिहिले आणि ते मान्य झाले.

एक सकाळ मी मुद्दाम कोरी ठेवली आहे, डोंगर आणि समुद्र यांच्या मधोमध. चढाईच्या दिवशी पाऊस लागला तर ती चढाईला जाईल, नाही तर समुद्राला. ते आदल्या रात्री नऊ वाजता हवामानाचा अंदाज पाहून ठरवायचे आहे, आणि त्यानंतर चर्चा करायची नाही. त्या रात्रीची खोली बुक करताना एवढेच पाहिले, की ती ऐन वेळी आणखी एका रात्रीसाठी वाढवून मिळेल. आता डायव्हिंगच्या जागा आणि जाण्या-येण्याची तिकिटे काढायची राहिली आहेत. जायचे तिकीट डोंगराजवळच्या गावाचे आणि परतीचे किनाऱ्यावरच्या गावाचे, असे दोन वेगळ्या ठिकाणांचे मिळाले, तर उलट फिरण्यात जाणारी आणखी एक सकाळ वाचेल.