नॅंड फ्लॅशचा सातबारा

तासगाव-पलूसकडच्या एखाद्या द्राक्षबागेत हवामानाचा डबा बसवलेला असतो. आत फोरजी मॉडेम, आणि त्याच मॉडेमच्या चिपवर लिनक्स. कंपनीने दिलेल्या जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) वर्षभर बिनबोभाट चाललेला हा डबा नवा मेनलाइन, म्हणजे मूळ लिनक्स प्रकल्पाचा, कर्नल टाकला की वेगळंच वागतो. सिरियल कन्सोलवर काही सेकंद ओळी धावतात, मग एकदम शांतता, आणि पुन्हा बूटलोडरपासून सुरुवात. ना पॅनिक, ना ऊप्स, म्हणजे कर्नल कोसळल्याचा एकही संदेश नाही. आपल्याकडे असं झालं की पहिला संशय लाइटवर जातो. अ‍ॅडॉप्टर बदलला जातो, बॅटरी बदलली जाते, बागेत दोन हेलपाटे होतात.

त्याआधी लॉगची शेवटची ओळ बघा. ती एमटीडी (लिनक्सचा फ्लॅश सांभाळणारा भाग) पार्टिशन तयार होण्याच्या आसपासची असेल, तर दोष बहुधा विजेचा नाही. कर्नलने फ्लॅशच्या अशा भागाला हात लावलाय जिथे त्याला मज्जाव आहे.

क्वालकॉमच्या एसडीएक्स५५ सारख्या मॉडेम चिपवर नॅंड फ्लॅशचा (वीज गेली तरी डेटा राखणाऱ्या मेमरीचा) काही भाग ट्रस्टझोनच्या, म्हणजे चिपमधल्या लिनक्सपासून वेगळ्या सुरक्षित कप्प्याच्या, ताब्यात असतो. त्यातलं नेहमीचं पार्टिशन म्हणजे ईएफएस२. मॉडेमचं रेडिओ कॅलिब्रेशन आणि सेटिंग तिथे राहतं, आणि ते त्या एका नगापुरतंच असतं. शेजारच्या डब्यातलं कॉपी करून भागत नाही. लिनक्सने तो भाग नुसता वाचायला घेतला तरी हार्डवेअर अख्खी चिपच रिसेट करतं. कर्नलला मरताना बोलायलासुद्धा वेळ मिळत नाही, म्हणून लॉग कोरा.

आता कोणी म्हणेल, ईएफएस२ कोणी माउंटच केलं नाही, मग वाचलं कोणी? वाचलं एमटीडीनेच. पार्टिशन नोंदवताना एमटीडी त्यातला प्रत्येक ब्लॉक (एका वेळी पुसला जाणारा तुकडा) खराब आहे का हे विचारतो, कारण त्याला खराब ब्लॉकांची बेरीज ठेवायची असते. खराबीची खूण फ्लॅशवरच असते, म्हणजे ती बघायची तर ब्लॉकमधलं पान वाचावं लागतं. बूटच्या वेळी सगळ्या चिपचा बॅड ब्लॉक स्कॅन करू नका असं सांगणारा झेंडा (फ्लॅग) क्वालकॉमच्या ड्रायव्हरमध्ये लावलेलाच आहे, पण तो या मोजणीला लागू नाही. पार्टिशनला रीड-ओन्ली लिहिण्याचाही इथे उपयोग शून्य. त्याने लिहिणं थांबतं, वाचणं नाही.

यावर २०२१ साली मेनलाइन लिनक्सच्या रॉ नॅंड भागात सोय आली. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये, नॅंड चिपच्या नोडला (नोंदीला) ‘सिक्युअर-रीजन्स’ नावाची प्रॉपर्टी द्यायची. तिच्यात जोड्या असतात, सुरुवातीचा पत्ता आणि लांबी. चिप ओळखताना ड्रायव्हर ही यादी वाचून ठेवतो आणि वाचणं, लिहिणं, पुसणं, ओओबी (पानाला जोडलेले जादा बाइट) वाचणं-लिहिणं, बॅड ब्लॉक तपासणं या प्रत्येक वाटेवर आधी यादी बघतो. मागणी यादीतल्या भागात पडली तर हार्डवेअरपर्यंत जायचंच नाही; वाचण्या-लिहिण्याला तिथूनच ईआयओ (इनपुट/आउटपुट एरर) परत.

सातबाऱ्यावर गट नंबर आणि क्षेत्र लिहितात तसाच हा प्रकार आहे, आणि चुकाही तशाच होतात. समजा ब्लॉक २५६ केबीचा आहे आणि कुलूपबंद भाग ६ एमबीपासून १६ एमबीपर्यंत आहे. म्हणजे ब्लॉक २४ ते ६३, एकूण ४०. लिहायचं ६ एमबी आणि १० एमबी. हेक्समध्ये ६ वर पाच शून्यं आणि ए वर पाच शून्यं. लांबीच्या जागी शेवटचा पत्ता, म्हणजे १ वर सहा शून्यं, लिहिला की भाग २२ एमबीपर्यंत लांबतो. शेजारच्या पार्टिशनचे २४ ब्लॉक विनाकारण आत जातात. मग रूट फाइलसिस्टिम माउंट होत नाही आणि लोक यूबीआयला (एमटीडीवरच्या थराला) शिव्या देत बसतात.

दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती बोलत नाही. ही प्रॉपर्टी ६४ बिटांची आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये साधा आकडा ३२ बिटांचा धरला जातो, म्हणून आकड्यांच्या आधी ‘बिट्स ६४’ ची खूण हवी. ती राहिली की पत्ता आणि लांबी चिकटून एकच ६४ बिटांचा आकडा होतो. ड्रायव्हर आकडे मोजून त्याला दोनने भागतो; एक भागिले दोन, शून्य जोड्या. एरर नाही, वॉर्निंग नाही, संरक्षणही नाही. प्रॉपर्टी कंट्रोलरच्या किंवा पार्टिशनच्या नोडखाली लिहिली तरी निकाल हाच.

ड्रायव्हरमधली तपासणी जेमतेम दहा-पंधरा ओळींची आहे, पण सगळा खेळ बांधावरचा आहे. मागणीचा शेवट भागाच्या सुरुवातीपेक्षा ‘लहान किंवा समान’ असेल तर मागणी बाहेरची. इथे नुसतं ‘लहान’ लिहिलं तर ब्लॉक २३ अडकतो, कारण त्याचा शेवट बरोबर ६ एमबीवर येतो, म्हणजे बांधाला टेकतो पण ओलांडत नाही. आणि ‘लहान किंवा समान’ ठेवून लांबी शून्य पाठवली, तर ब्लॉक २४ चं पहिलं पान बाहेरचं ठरतं आणि रिसेट पुन्हा हजर. बॅड ब्लॉक तपासताना लांबी शून्य द्यायचा मोह होतो, कारण तिथे ‘किती वाचायचं’ असा प्रश्नच डोक्यात नसतो. स्वतःचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने बांधाअलीकडचा, पहिला, शेवटचा आणि बांधापलीकडचा असे चार ब्लॉक हातानेच तपासावेत.

बॅड ब्लॉकच्या प्रश्नाला कुलूपबंद भागात उत्तर काय द्यायचं हेही ठरवावं लागतं. ईआयओ देणं सरळ वाटतं, पण पार्टिशन मोजणारा कोड शून्य सोडून काहीही आलं की ब्लॉक खराब धरतो. मग ईएफएस२ चे चाळीसच्या चाळीस ब्लॉक खराब दिसतात आणि चांगली चिप बदलायला निघते. चोर सोडून संन्याशाला फाशी. म्हणून तिथे उत्तर शून्य, म्हणजे ‘ब्लॉक ठीक’, दिलेलं बरं. वाचायला कोणी आलंच तर त्याला ईआयओ मिळणारच आहे.

हद्दी मिळवायच्या कुठून? चिपच्या पार्टिशन टेबलमधून नावं आणि पत्ते मिळतात. त्यातलं कुठलं ट्रस्टझोनच्या ताब्यात आहे ते मॉड्यूल बनवणाऱ्याच्या कागदपत्रांतून घ्यावं. दुसऱ्या बोर्डाच्या डिव्हाइस ट्रीमधले आकडे उचलू नयेत, फ्लॅशचा ब्लॉक आकार बदलला की पार्टिशनं सरकतात. बसवल्यावर तपासणी सोपी आहे. नॅंडडंप या फ्लॅश वाचणाऱ्या कमांडने कुलूपबंद भागातलं एक पान मागा. ‘इनपुट/आउटपुट एरर’ आली आणि डबा चालू राहिला तर काम झालं. मग अलीकडचं आणि पलीकडचं पान मागा, ती नीट यायला हवीत. ड्रायव्हरचा ‘रीजन सिक्युअर्ड आहे’ हा संदेश डीबग पातळीचा असल्यामुळे डायनॅमिक डीबग चालू केल्याशिवाय दिसत नाही.

हे सगळं सुरक्षेसाठी आहे असा मात्र समज नको. खरं कुलूप हार्डवेअरमध्ये आहे. रूट अधिकार मिळवणारा माणूस कर्नलच बदलून ही यादी पुसू शकतो. यादी आहे ती कर्नलने बंद दारावर डोकं आपटू नये म्हणून. हार्डवेअरचं संरक्षण नसलेल्या चिपवर हीच प्रॉपर्टी लिहिली, तर तिथे कुंपण आहे पण राखणदार नाही.

आणि बूटलोडरचं वेगळं बघा. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये लिहिलेलं यू-बूटला आपोआप कळत नाही. तिथे ‘नॅंड इरेज चिप’ किंवा ‘नॅंड स्क्रब’ टाइप करणाऱ्याला ही यादी अडवणार नाही. कुलूप असलेल्या चिपवर त्या भागाला हात लागताच फार तर रिसेट होईल. कुलूप नसलेल्या बोर्डावर मॉडेमचं कॅलिब्रेशन गेलं की तो नग परत कारखान्याच्या टेबलावरच जातो.